सज्जातला माणूस

मुंबईत १९३४ साली जन्मलेले भूपेन खख्खर पेशाने सनदी लेखापाल. १९६२मध्ये ते बडोद्याला गेले आणि तिथल्या चित्रकारांत रमले. शिंपी, न्हावी, घड्याळजी त्यांच्या कॅनव्हासवर दिमाखात आले. पुरुषांवरचं स्वतःचं प्रेम मात्र बराच काळ उघडपणे आलं नाही.

घरी आई होती आणि समलिंगी संबंध कलम ३७७खाली गुन्हा होते. १९७९मध्ये इंग्लंडमध्ये त्यांना मोकळं वातावरण दिसलं. १९८०मध्ये आई गेली. मग १९८१चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ आलं. सज्जात उभा नग्न पुरुष खाली बाप, लेक आणि गाढवाची जुनी गोष्ट घडताना पाहतो. लोकांच्या बोलण्यापायी गाढव गमावणाऱ्या बापलेकांची ही गोष्ट त्यांनी निवडली, यातच त्यांचं धैर्य दिसतं. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’मध्ये दोन नग्न पुरुष मिठीत उभे राहिले.

त्याच १९८१मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात ठाण्याचे सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख, नलिनी मलानी त्यांच्या सोबत होते. चित्रकारांनी त्यांना आपलं मानलं, १९८४मध्ये सरकारने पद्मश्री दिली. कायदा मात्र ढिम्म राहिला. २००३मध्ये खख्खर गेले. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, तो २०१८मध्ये.