हर्सूलजवळचीं लेणीं आणि गृहस्थाचा बौद्धधर्म

चार आर्यसत्यें, अष्टांगिक मार्ग व पंचशील एवढें सांगितलें म्हणजे बौद्धधर्म सांगून झाला, असें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें समजत आलों. हर्सूलवरून जाणारा प्रवासी बहुधा अजिंठ्याच्या ओढीनें चाललेला असतो. गांवाच्या पश्चिमेस डोंगरांत औरंगाबादचीं लेणीं आहेत, तिकडे त्याची दृष्टि क्वचितच वळते. तीं पाहिल्यावर मात्र आमची समजूत टिकली नाहीं.

मूळचा उपदेश कठोर आहे. दुःखाचें मूळ तृष्णा, आणि तिचा क्षय ज्याचा त्यानेंच करावयाचा. बुद्ध केवळ मार्ग दाखविणारा. चौथ्या लेण्यांतील जुन्या चैत्यांत पूजेस स्तूपच काय तो आहे. परंतु इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या सातव्या लेण्याच्या ओसरींत अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोहों बाजूंस आठ महाभयें कोरलीं आहेत. आग, शत्रूची तरवार, बेड्या, फुटणारें गलबत, सिंह, सर्प, मत्त हत्ती आणि राक्षसरूपी मृत्यु! भ्यालेलीं माणसें त्याचा धांवा करीत आहेत. गलबताचें भय मठांत बसलेल्या भिक्षूचें नव्हे, तें व्यापाऱ्याचें.

ह्यास कोणी धर्माचा अधःपात म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यांत मनुष्याएवढ्या स्त्रीपुरुषांच्या मूर्ति बुद्धासमोर गुडघे टेकून बसल्या आहेत. अलंकार, केशरचना, सारें संसारी माणसांचें. बुद्ध, धर्म व संघ ह्यांस शरण जाणारे उपासक ते हेच. निर्वाणाची मीमांसा त्यांनीं केली असेल वा नसेल. दर्शन आटोपून त्यांस घरीं परतावयाचें होतें, आणि वाट रानांतून होती.