नोंदवहीपर्यंतची वाट : भारतीय पुनर्वास परिषदेची वाटचाल

आपल्याकडे विशेष शाळा आधी आल्या, विशेष शिक्षक नंतर. दादरची अंध मुलांची शाळा १९०० सालची, मुंबईची जय वकील शाळा १९४४ची, पुण्यात सिंधुताई जोशी यांनी उभी केलेली कामायनी १९६४ची. अशा शाळांमध्ये शिकवायला आलेल्यांपैकी अनेकांकडे या कामाचं औपचारिक प्रशिक्षण नव्हतं. कुणी बालवाडीत काम केलेल्या बाई, कुणी स्वतःच्या मुलाला सोडायला येता येता शाळेतच रमलेली आई. पुढे काही संस्थांनी शिक्षक-प्रशिक्षण सुरू केलं. पण प्रत्येकाचा अभ्यासक्रम निराळा, मुदत निराळी. एका शाळेचं प्रमाणपत्र दुसऱ्या शाळेत चालेलच याची खात्री नव्हती.

हा विस्कळीतपणा आवरायला १९८६ साली भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. तेव्हा ती केवळ नोंदणीकृत संस्था होती. शिफारस करू शकत होती, सक्ती नाही. संसदेने १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि २२ जून १९९३ पासून परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. अभ्यासक्रमांचा दर्जा ठरवणं, प्रशिक्षण संस्थांना मान्यता देणं आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणं ही तिची मुख्य कामं. कायद्याच्या तेराव्या कलमाने या नोंदवहीला धार दिली. मान्य पात्रता आणि नोंदणी नसताना पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या व्यावसायिकांच्या यादीत विशेष शिक्षकही होते.

आता पेच पडला. कायदा अक्षरशः लावायचा तर वर्षानुवर्षं वर्ग सांभाळणारी माणसं एका रात्रीत अपात्र ठरणार. न लावावा तर नोंदवही कशासाठी? परिषदेने मधली वाट काढली. आधीपासून काम करणाऱ्या अप्रशिक्षितांसाठी अल्पमुदतीचा ब्रिज कोर्स आला. तो पूर्ण करणाऱ्यांना नोंदवहीचं दार उघडलं. पूर्वानुभवाची सरकारदरबारी दखल घेण्याचा या क्षेत्रातला हा पहिला मोठा प्रयत्न.

त्या वर्गांत बसणाऱ्या ताईंना मुळात काय येत होतं, हे एका बटणावरून कळतं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सदरा घालायला शिकवताना अनुभवी ताई खालची सगळी बटणं स्वतः लावते. शेवटचं बटणही काजातून अर्धं बाहेर काढून ठेवते आणि मुलाला फक्त ओढायला लावते. ते जमलं की शाबासकी त्याची. पुढच्या आठवड्यात शेवटचं बटण पूर्ण त्याचं, मग शेवटची दोन. पदविकेच्या पुस्तकात याला कार्यविश्लेषण आणि उलट साखळी म्हणतात. ताईला नाव ठाऊक नव्हतं, रीत ठाऊक होती. पण तिच्याच वर्गात फिट येणारा मुलगा असेल, कमी ऐकू येतंय हे कुणाच्या लक्षातच न आलेली मुलगी असेल, तर नुसता अनुभव अपुरा पडायचा. मूल्यमापन कसं करायचं, वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कसा लिहायचा, मुलाला कुणाकडे आणि कधी पाठवायचं, हे शिकावंच लागतं. ब्रिज कोर्समागचं तत्त्व म्हणूनच रास्त होतं : आहे ते मान्य करा, नाही तेवढंच शिकवा.

हेच तत्त्व पुढे उलट्या दिशेनेही लागू झालं. सामान्य बी.एड. झालेल्या शिक्षकाला शैक्षणिक मानसशास्त्र, पाठनियोजन, मूल्यमापन पुन्हा पहिल्यापासून कशाला शिकवायचं? त्याच्यासाठी विशेष शिक्षणातलं पदव्युत्तर व्यावसायिक प्रमाणपत्र आणि पदविका आली. माध्यमिक शाळांतल्या विशेष शिक्षकांची पात्रता ठरवताना विशेष बी.एड.च्या बरोबरीने ‘सामान्य बी.एड. अधिक विशेष शिक्षणाची पदविका’ असे जोडही स्वीकारले गेले. सेवेतल्या शिक्षकांसाठी मध्य प्रदेशातल्या भोज मुक्त विद्यापीठामार्फत ९० दिवसांचा पायाभूत अभ्यासक्रम निघाला. दूरशिक्षणातून विशेष बी.एड. सुरू झालं, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही ते दिलं. नोकरी सोडून शहरात राहणं ज्यांना परवडणारं नव्हतं, अशांना हा मोठाच आधार झाला.

एव्हाना गरजही बदलली होती. सर्व शिक्षा अभियानाने अपंग मुलांना गावच्या शाळेत आणलं आणि फिरते विशेष शिक्षक नेमले. परिषदेचे अभ्यासक्रम मात्र बहुतांशी एकेका प्रवर्गाचे. श्रवणदोषात प्रशिक्षित शिक्षक शाळेत पोचावा आणि समोर अंध मूल असावं, हे ठरलेलंच. त्या शिक्षकाला ब्रेल हवं, चलनवलनाचं प्रशिक्षण हवं; बालविकास आणि समावेशनाचे पेपर पुन्हा नकोत. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले, तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार झाला.

नोंदवहीत नाव आलं म्हणजे कायमचं, असंही नाही. नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर पुनर्वास शिक्षणाचे १०० गुण जमवावे लागतात. कार्यशाळा, परिसंवाद यांतून ते मिळतात. शिक्षक नवं काही ऐकत राहतो, हे चांगलंच. पण त्यात मोजली जाते ती मुख्यतः हजेरी. वर्गात त्यातलं काय उतरलं, हे गुणांवरून कळत नाही.

अनुभवाचा हिशेब अखेर सर्वोच्च न्यायालयातही झाला. विशेष शिक्षकांच्या नेमणुकीबाबतच्या रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ साली न्यायालयाने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ठरवायला केंद्राला सांगितलं; पुढे ते प्राथमिक स्तरावर दहा, तर त्यापुढे पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं ठरलं. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात, वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणाऱ्या विशेष शिक्षकांसाठी छाननी समित्या नेमायला सांगितलं. समितीत परिषदेचा प्रतिनिधी. पात्र ठरणाऱ्यांना नियमित वेतनश्रेणी आणि लांबलेल्या सेवेमुळे वयाची सवलतही. महाराष्ट्राने त्याआधीच, २०२४ मध्ये, केंद्रशाळांच्या स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर करून कंत्राटी शिक्षकांच्या समायोजनाचा निर्णय घेतला होता. न्यायालयाची मेख नीट पाहण्यासारखी आहे : सेवेची वर्षं वयाच्या अटीवर मात करू शकतात, परिषदेच्या पात्रतेवर नाही.

ही मेख योग्यच आहे. पात्रतेची अट सैल केली तर तोटा सगळ्यात आधी मुलाचा होतो. पण पात्रतेकडे जाणारी वाट लांबलचकच असली पाहिजे, असं कुठं आहे? राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने २०२३ मध्ये, मूल्यमापन करून कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची सोय तत्त्वतः मान्य केली आहे. परिषदेने विशेष शिक्षणापुरती तिची पद्धत बसवावी. अनुभवाच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही पुरेशी मानू नये. परीक्षकाने वर्गात जाऊन दोन पाठ पाहावेत, तीन मुलांचे आराखडे तपासावेत, पालकांशी बोलावं आणि मग उरलेले पेपर ठरवावेत. यात खर्च आहे, वेळ आहे, परीक्षकही घडवावे लागतील. पण ब्रिज कोर्सच्या वेळी परिषदेने जे तत्त्व निकडीपोटी स्वीकारलं, ते नियम म्हणून स्वीकारल्याशिवाय ४,८६० पदांना चांगले शिक्षक मिळणं कठीण आहे.