तिसऱ्या तुकडीचे बळ : धाराशिवच्या मुलींच्या खो-खोची वाटचाल

खो-खोच्या संघाचे खरे बळ शेवटच्या तीन खेळाडूंमध्ये दिसते. पारंपरिक नियमांनुसार संघात बारा जणी असतात आणि त्यांतल्या नऊ जणी खेळतात. आक्रमणाच्या वेळी आठ जणी चौकोनांत एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववी धावते. संरक्षणाचे गणित वेगळे. तिथे तीन-तीन जणींच्या तुकड्या एकामागून एक मैदानात उतरतात. पाळी नऊ मिनिटांची असते. पहिल्या तुकडीने पाच मिनिटे काढली, तर उरलेल्या सहा जणींना चारच मिनिटे काढायची असतात. तीच तुकडी दोन मिनिटांत बाद झाली, तर बाकीची सात मिनिटे दुसऱ्या-तिसऱ्या तुकडीच्या अंगावर येतात. नऊही जणी बाद झाल्या की त्याच क्रमाने पुन्हा उतरावे लागते. तेव्हा पहिल्या तुकडीच्या पायांत आधीची दमछाक शिल्लक असते आणि प्रतिस्पर्ध्यांचे गुण भराभर वाढतात.

म्हणूनच दोन हंगामांतल्या संघांची तुलना करताना पदके मोजून भागत नाही. सामन्याच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढे ‘२.१०, १.४० मि. व ३ गडी’ असे छापलेले असते. पहिल्या डावात दोन मिनिटे दहा सेकंद आणि दुसऱ्या डावात एक मिनिट चाळीस सेकंद संरक्षण, शिवाय आक्रमणात तीन गडी, असा त्याचा अर्थ. अशी नोंद दोन-तीनच नावांपुढे दिसली, तर संघ त्या दोघी-तिघींवर उभा आहे हे उघड होते. सहा-सात नावांपुढे दिसली, तर तो संघ भरलेला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या मुलींच्या खो-खोचा इतिहास या पहिल्या अवस्थेकडून दुसऱ्या अवस्थेकडे झालेल्या प्रवासाचा आहे.

खेळाला नियमांची चौकट मिळाली ती मराठवाड्याबाहेर. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये नियम बांधायला घेतले आणि १९३५ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमावली छापली. तेव्हा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला. पुणे-बडोद्याकडे जिमखाने आणि व्यायाममंडळे स्पर्धा भरवत होती, त्या काळात इथे तशी संस्थांची साखळी उभी राहू शकली नाही. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला आणि महिलांची १९६०-६१ मध्ये कोल्हापूरला झाली. म्हणजे जिल्हा महाराष्ट्रात आला तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या संघांकडे दोन पिढ्यांचा अनुभव होता. हे अंतर पुढे शाळांच्या मैदानांवर भरून निघाले. दोन खांब, आखणीपुरती फक्की आणि सपाट जमीन एवढ्यावर सराव होतो. दुष्काळी पट्ट्यातल्या शाळेला परवडणारा याहून स्वस्त खेळ सापडणे कठीण.

मात्र शाळेच्या बळावर उभ्या राहिलेल्या संघाला एक कायमची खोट असते. चौदा वर्षांखालील गटात नऊ चपळ मुली सहज मिळतात, अठरा वर्षांखालील गटात त्यांतल्या निम्म्या उरल्या तरी पुष्कळ, आणि खुल्या गटापर्यंत एखाद-दुसरीच पोचते. बालाघाटाच्या माथ्यावरचा हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे आणि नीती आयोगाने २०१८ मध्ये त्याचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. हंगामी स्थलांतर, लवकर ठरणारी लग्ने, दहावी-बारावीनंतर शिक्षणासाठी पुण्याकडे जाणे, या सगळ्याचा पहिला फटका दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीला बसतो. घरचे लोक गुणवान मुलीला कसेबसे खेळू देतात. बरी खेळणारी मुलगी मात्र खेळ सोडते, आणि संघाची खोली नेमकी अशा बऱ्या खेळणाऱ्या मुलींवर ठरते.

या गळतीला बांध घालण्याचे काम उस्मानाबाद शहरातल्या श्री तुळजाभवानी स्टेडियमवर झाले. प्रशिक्षक डॉ. चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली तिथे वेगवेगळ्या वयाच्या मुली घडल्या. लहान गटातली मुलगी मोठ्या गटातल्या मुलींबरोबर धावू लागली की तिला खांबाजवळची हुलकावणी आणि साखळी पळतीची, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी धावण्याची, लय पाहून-पाहूनच येते. एखादी मोठी खेळाडू सोडून गेली, तर तिची जागा घेणारी मुलगी तोवर मैदानावर रुळलेली असते. खोली वाढवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

या मैदानाने दिलेले सर्वांत मोठे नाव सारिका काळे यांचे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोला प्रथमच पदकाचा दर्जा मिळाला आणि त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे त्या खेळ सोडण्याच्या विचारात होत्या. प्रशिक्षकांनी समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान १९९८ नंतर, म्हणजे तब्बल बावीस वर्षांनी मिळाला होता. देशाची कर्णधारसुद्धा खेळातून बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर येते, तर बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूची काय कथा? सारिका काळे तोवर तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाल्या होत्या. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ कसा होतो हे जिल्ह्यातल्या पालकांना आपल्याच गावाजवळ दिसले. मुलीला आणखी दोन वर्षे खेळू देण्यासाठी घरात एवढे कारण पुरते.

अर्जुन पुरस्कारानंतरचा हंगाम कोरोनाने गिळला. वयोगटाच्या काठावर असलेल्या मुलींचे एक अख्खे वर्ष स्पर्धेविना गेले. संघ उथळ असता तर इथे पिढीच तुटली असती. प्रत्यक्षात उलट चित्र दिसले. अश्विनी शिंदे, संपदा मोरे, गौरी शिंदे अशी जिल्ह्यातली एकाहून अधिक नावे महाराष्ट्राच्या संघात दिसू लागली. राज्याच्या संघात जागा असतात मोजक्याच आणि त्यांसाठी पुणे, ठाणे, सांगली, नाशिक यांसारखे तगडे जिल्हे झुंजतात. तिथे एकाच जिल्ह्याच्या दोन-तीन मुली येणे ही त्या जिल्ह्यात दुसरी तुकडीही पक्की असल्याची खूण आहे. सारिका काळे यांच्या काळातले यश उंचीचे होते, या काळातले रुंदीचे. संघ म्हणून पाहिले तर नंतरचा काळ अधिक सकस ठरतो. अर्थात ती रुंदी आधीच्या उंचीच्या आधारानेच आली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वरिष्ठ गटाची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाच उस्मानाबादला झाली आणि महाराष्ट्राने पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. पुढच्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. तिच्या अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले. प्रियंका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील त्या पंधरा जणींच्या संघात अश्विनी शिंदे होत्या.

यशाबरोबर नवी गळतीही सुरू होते. रेल्वे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांचे राष्ट्रीय स्पर्धेत स्वतंत्र संघ असतात. तिथे नोकरी लागली की खेळाडू आपल्या राज्याविरुद्ध उभी राहू शकते. तिच्या घरासाठी हे भल्याचेच, पण जिल्ह्याला दरवेळी नवी तुकडी घडवावी लागते. मॅटवरच्या नव्या नियमांनी तर खोलीचे मोल आणखी वाढवले आहे. ठरावीक वेळेपलीकडे टिकणाऱ्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुण मिळतात, त्यामुळे चिवट तिसरी तुकडी आता वेळ काढता काढता गुणही आणते. मातीवर शिकलेल्या मुलींना मॅटची पकड वेगळी लागते. तालुक्याच्या गावी मॅट पोचली नाही, तर निवडीच्या वेळी शहरातल्याच मुली पुढे राहतील.

जिल्हा संघटनेने आणि शाळांनी एक काम आता तरी हाती घ्यावे. प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता तुकडीनिहाय वेळेसह जपून ठेवावा. विजेत्यांची यादी चषकावर कोरलेली असते, पण सातव्या, आठव्या आणि नवव्या खेळाडूने काढलेली मिनिटे त्या कागदाखेरीज कुठेच नोंदलेली नसतात.