बाळंतिणीला कुणी विचारायचं?

बाळंतिणीच्या खोलीत विचारपूस कमी नसते. दूध पुरतं का, बाळ रात्री झोपतं का, डिंकाचे लाडू खाल्ले का, सगळं विचारलं जातं. तुझं मन कसं आहे, एवढंच बहुधा राहून जातं. ती गप्प झाली, बाळाकडे पाठ करून पडू लागली, की कुणाला दृष्टीचा संशय येतो, कुणी बाळंतवात म्हणतं. 'सोन्यासारखं बाळ झालंय, हिला रडायला काय झालं?' या वाक्यावर तर कितीतरी घरांत विषय संपतो. वैद्यकीय शिक्षणातही हा विषय असाच बराच काळ दाराबाहेर उभा होता.

खरं तर त्यावरचा पहिला मोठा ग्रंथ बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसचे मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं होतं. बाळंतपणानंतर मन बिघडलेल्या ज्या बायका वेड्यांच्या इस्पितळात येतात, त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक बायका घरातच सांभाळल्या जातात आणि त्यांची कुठे नोंद होत नाही. याच परंपरेतल्या लुई-व्हिक्टर मार्से या तरुण डॉक्टरनं १८५८ मध्ये गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मार्से १८६४ मध्ये, ऐन छत्तिशीत गेले. त्यांचा ग्रंथही विस्मरणात गेला. १९८० मध्ये या विषयाच्या अभ्यासकांनी आपल्या आंतरराष्ट्रीय संस्थेला मार्से यांचं नाव दिलं, तेव्हा कुठे ते पुन्हा लोकांसमोर आलं.

मधल्या काळात हा आजार कुणाचाच नव्हता. प्रसूतितज्ज्ञाचं काम टाके सुकले की संपायचं. मनोविकारतज्ज्ञ इस्पितळाच्या भिंतीआड असायचा, आणि आईला तिथे भरती केलं की बाळ दुसऱ्या कुणाच्या हाती जायचं. लंडनजवळच्या कॅसल हॉस्पिटलमध्ये टॉमस मेन यांनी १९४८ पासून आईबरोबर तिच्या मुलालाही दाखल करून घ्यायला सुरुवात केली. मग परिचारिकांचं कामच बदललं. बाळ उचलून नेणं सोपं असतं. थरथरत्या हातांनी आई त्याला आंघोळ घालत असताना शेजारी नुसतं उभं राहणं अवघड. ते शिकावं लागलं.

१९६८ मध्ये ब्राइस पिट यांनी लंडनमधल्या बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहांतल्या एकीला नैराश्य आलेलं दिसलं. या बायका इस्पितळात नव्हत्या. घरी दुपटी धुवत होत्या. एस्किरोल यांचं म्हणणं आता आकड्यांत मांडलं गेलं होतं. मग केवळ मनोविकारतज्ज्ञांना शिकवून काय होणार? ब्रिटनमध्ये बाळंतिणीच्या घरी जाणारी एक व्यक्ती होती: हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य परिचारिका. ती बाळाचं वजन करायची, लसीची आठवण द्यायची. आईच्या मनाचं वजन करायला तिच्यापाशी काही नव्हतं.

ते साधन स्कॉटलंडमध्ये तयार झालं. जॉन कॉक्स हे मनोविकारतज्ज्ञ आधी युगांडात काम करून आले होते. तिथल्या गांडा लोकांत बाळंतपणानंतरच्या विकाराला 'अमाकिरो' असं स्वतंत्र नाव आहे, आणि कॉक्स यांनी त्याचा अभ्यास केला होता. पुढे जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांच्यासह त्यांनी १९८७ मध्ये दहा प्रश्नांची 'एडिंबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल' प्रसिद्ध केली. नैराश्य मोजण्याच्या तोवरच्या प्रश्नावल्या थकवा, भूक, झोप यांबद्दल विचारायच्या. पण ओल्या बाळंतिणीला झोप असते का? थकवा नसलेली बाळंतीण कुणी पाहिली आहे? त्या मापानं मोजलं तर सगळ्याच आजारी ठरायच्या. म्हणून या दहा प्रश्नांत हसू येतं का, पुढच्या गोष्टींची ओढ वाटते का, उगाच स्वतःला दोष देतेस का, असं विचारलं आहे. झोपेबद्दलही एक प्रश्न आहे, पण तो दुःखामुळे झोप लागत नाही का, असा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो विचारायचा म्हणजे उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं हे आधी ठाऊक हवं. प्रशिक्षणाचा खरा कस इथे लागतो. कागद भरून घेणं कुणालाही येतं.

याच तिघांनी पुढचा प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. हेल्थ व्हिजिटर्सना थोडक्यात समुपदेशनाचं शिक्षण दिलं. त्यांनी नैराश्यातल्या आईकडे आठवड्यातून एकदा, अशा आठ खेपा करायच्या आणि अर्धा तास तिचं ऐकायचं. सल्ला देण्याची सवय असलेल्या बाईला सल्ला न देता ऐकायला शिकवणं, हाच या शिक्षणाचा कठीण धडा असणार! तीन महिन्यांनी पाहिलं तर अशा भेटी मिळालेल्या २६ जणींपैकी १८ जणी पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. न मिळालेल्या २४ पैकी ९. संख्या लहान आहे, पण या आकड्यांनी पुष्कळांचे डोळे उघडले.

मात्र ऐकणं सगळ्यांना पुरत नाही, हेही ब्रिटननंच किंमत मोजून शिकलं. तिथे मातामृत्यूंची गोपनीय चौकशी नियमित होते. १९९७ ते १९९९ या काळाचा अहवाल २००१ मध्ये आला. बाळंतपणानंतरच्या वर्षभरातले मृत्यू हिशेबात धरले, तेव्हा आत्महत्या हे मातामृत्यूंचं आघाडीचं कारण निघालं. या आयांत पूर्वी गंभीर मनोविकार होऊन गेलेल्याही होत्या. अहवालानं एक रोखठोक सूचना केली: प्रत्येक त्रासाला 'पोस्टनेटल डिप्रेशन' म्हणू नका. त्या सौम्य शब्दाखाली जुना गंभीर आजार झाकला जातो. बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हजारांत एक-दोघींनाच होतो, पण बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत आणि झपाट्यानं. तिथे गप्पांत दिवस घालवून चालत नाही, तातडीनं मनोविकारतज्ज्ञच लागतो. म्हणून पूर्वी असा त्रास झाला होता का, हा प्रश्न गर्भारपणाच्या पहिल्याच तपासणीत विचारावा, असं सुईणींना आणि डॉक्टरांना सांगितलं गेलं.

एडिंबरोची प्रश्नावली कोकणीतून गोव्यातल्या आयांपर्यंतही पोहोचली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा तिथल्या जिल्हा रुग्णालयातला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. कारणांत दारिद्र्य होतं, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली, हेही होतं. आता एवढं ऐकल्यावर डॉक्टरनं नुसती गोळी लिहून द्यायची का?

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतीफ रहमान यांनी गावोगावच्या महिला आरोग्यसेविकांना बोलण्याच्या उपचाराचं शिक्षण दिलं. २००८ च्या त्यांच्या अहवालात सहा महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी २३ टक्के आया नैराश्यात होत्या, इतरांत ५३ टक्के. हीच पद्धत पुढे गोव्यात आणखी खाली उतरली. तिथे शिकवल्या गेल्या त्या शेजारपाजारच्याच बायका, स्वतः आई असलेल्या. त्यांना नाव मिळालं 'सखी'. २०१९ मध्ये आलेले निष्कर्ष रावळपिंडीइतके ठळक नव्हते, पण फरक पडला होता.

गंभीर आजारी आयांसाठी बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ मध्ये आई-बाळ कक्ष सुरू झाला, दक्षिण आशियातला पहिला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तरतूद आली की, उपचार घेणाऱ्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सामान्यतः वेगळं करू नये. कॅसलमध्ये एका डॉक्टरनं आपल्या अधिकारात जे केलं, ते आपल्याकडे एकोणसत्तर वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आलं. आता त्या मुलाची खाट आईच्या खाटेशेजारी लावायची, तर ती कशी सांभाळायची हे माहीत असलेली परिचारिका प्रत्येक जिल्ह्याच्या रुग्णालयात लागेल.