पुवातला द्राक्षांचा घड

पावसाळ्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या एखाद्या आश्रमशाळेत एका मुलाच्या मांडीवर केसतूड उठते. पाठोपाठ शेजारच्याला गळू होते, तिसऱ्याच्या पापणीवर रांजणवाडी येते. ‘उष्णता झाली’ असे म्हणून आपण विषय संपवतो. पण या तिन्ही दुखण्यांमागे बहुधा एकच जिवाणू असतो : स्टॅफिलोकॉकस ऑरिअस. त्याची ओळख कशी पटत गेली, ते आपण पाहू.

पुवात जंतू दिसतात हे १८८० च्या सुमारास ठाऊक झाले होते. कॉख आणि पाश्चर यांनी ते पाहिले होते. प्रश्न असा होता, की हे जंतू पू होण्याचे कारण आहेत, की नुसतेच तिथे वस्तीला आलेले? स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन यांनी घरामागच्या लहानशा प्रयोगशाळेत याचा शोध घेतला. ठणकणाऱ्या गळवांतल्या पुवात त्यांना गोल जंतू सापडले, ‘थंड’ गळवांत सापडले नाहीत. ठणकणाऱ्या गळवांतला पू प्राण्यांना टोचला, तेव्हा त्यांना गळवे झाली. तोच पू तापवून किंवा त्यात कार्बॉलिक आम्ल मिसळून टोचला, तेव्हा झाली नाहीत. म्हणजे दोषी होता तो पुवातला सजीव. काही जंतू साखळीत होते, काही घोसात. घोसातल्यांना ऑगस्टन यांनी १८८२ मध्ये ‘स्टॅफिलोकॉकस’ म्हटले. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड.

१८८४ मध्ये जर्मनीतल्या रोझेनबाख यांनी हे जंतू वेगळे करून वाढवले. सोनेरी वाढ ती ‘ऑरिअस’, पांढरी ती ‘अल्बस’. पण रंग फसवतो. ऑरिअसचे काही वाण फिकट उगवतात. शिवाय पांढरा भाऊबंद आपल्या सर्वांच्या त्वचेवर असतोच, नमुना निष्काळजीपणे घेतला की तोच उगवतो.

म्हणून प्रयोगशाळेत आम्ही पायरीपायरीने जातो. ग्रॅमच्या रंजनात जांभळे गोल घोस दिसले, की हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस. साखळीवाले स्ट्रेप्टोकॉकस बुडबुडे काढत नाहीत. मग वाढ सशाच्या रक्तद्रवात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची. द्रव गोठला तर बहुधा ऑरिअस. चार तासांच्या आत अधूनमधून नळी पाहावी लागते, कारण काही वाण स्वतःच केलेली गुठळी पुढे विरघळवून टाकतात. रात्रभर विसरलेली नळी त्यामुळे खोटे सांगू शकते.

नाव कळले, आता औषध कोणते? फ्लेमिंग यांच्या १९२८ च्या ज्या बशीत बुरशीभोवतीचे जिवाणू विरले, ते स्टॅफिलोकॉकसच होते. महाराष्ट्रात पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. भारतात हे औषध बनणे ही मोठीच गोष्ट होती. पण पेनिसिलिन मोडणारे विकर जिवाणूंत असते, हे ॲब्रहॅम आणि चेन यांनी १९४० मध्येच दाखवले होते. कारखाना उभा राहीपर्यंत असे विकर बाळगणारे ऑरिअस अनेक देशांच्या रुग्णालयांत पसरले होते. त्यांच्यासाठी मेथिसिलिन आले ते १९६० च्या सुमारास. १९६१ मध्ये त्यालाही दाद न देणारे वाण ब्रिटनमध्ये नोंदले गेले.

म्हणून ओळखीची आणखी एक पायरी आली. जिवाणूंच्या थरावर औषधांच्या चकत्या ठेवून कोणत्या चकतीभोवती वाढ थांबते ते पाहायचे. केसतूड बहुतेक वेळा फुटून आपोआप बरे होते. पण ताप आला, गळू पसरले किंवा पुन्हापुन्हा झाले, तर दुकानातून चार गोळ्या आणण्याऐवजी मुलाला दवाखान्यात न्यावे आणि पुवाची तपासणी करता येईल का, ते विचारावे.

शाळेत पू कधीही वाढवू नये. मात्र कच्च्या बटाट्याच्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून पाहा. जो फेस येतो, तो कॅटलेज या विकराचा. तेच विकर त्या द्राक्षांच्या घडातही असते.