फॅक्टरी रीसेट (स्मार्टफोन)

फॅक्टरी रीसेट ही स्मार्टफोनमधील वापरकर्त्याची माहिती, त्याने बसवलेली अ‍ॅप व बदललेल्या सेटिंग्ज काढून टाकून फोन पुन्हा नव्याने वापरण्याजोग्या स्थितीत आणण्याची प्रक्रिया होय. फोन विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्याला देण्यापूर्वी, तसेच फोनची प्रणाली वारंवार बंद पडत असल्यास ही प्रक्रिया केली जाते. नावात 'फॅक्टरी' हा शब्द असला तरी तिच्यामुळे फोन सर्वार्थाने कारखान्यातून निघालेल्या अवस्थेत जात नाही. संचालन प्रणालीची अद्ययावत आवृत्ती, फोनचा आयएमईआय क्रमांक आणि बहुतेक वेळा मेमरी कार्डवरील मजकूर रीसेटनंतरही कायम राहतो. पुसलेली माहिती किती पक्की पुसली गेली, हे फोनमधील कूटबद्धीकरणावर, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात साठवण्याच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

संज्ञा

'रीसेट' हा शब्द बोलण्यात अनेक अर्थांनी वापरला जातो. फोन नुसता बंद करून पुन्हा सुरू करणे, यास 'सॉफ्ट रीसेट' म्हणतात. यात कोणतीही माहिती जात नाही. 'हार्ड रीसेट' ही संज्ञा संदिग्ध आहे. कोणी ती सक्तीने फोन पुन्हा सुरू करण्यासाठी वापरतात, तर कोणी बाहेरील बटणांच्या साहाय्याने केलेल्या फॅक्टरी रीसेटसाठी. अँड्रॉइड फोनमध्ये याखेरीज केवळ नेटवर्कच्या सेटिंग्ज रीसेट करण्याचा स्वतंत्र पर्याय असतो. त्यामुळे वाय-फायचे साठवलेले पासवर्ड व ब्लूटूथच्या जोडण्या जातात. छायाचित्रे व संदेश सुरक्षित राहतात.

पूर्वपीठिका

स्मार्टफोनच्या आधीच्या हातसंगणकांतही अशी सोय होती. पाम कंपनीच्या उपकरणांच्या मागील बाजूस एक बारीक छिद्र असे. त्यात टाचणीसारखी वस्तू दाबली की उपकरण पुन्हा सुरू होई, आणि त्याच वेळी चालू-बंद करण्याचे बटण दाबून धरल्यास सर्व नोंदी पुसल्या जात. नोकियाच्या एस६० मालिकेतील फोनांमध्ये *#७७८०# हा संकेत केवळ सेटिंग्ज पूर्ववत करी, तर *#७३७०# हा संकेत साठवलेली माहितीही पुसून टाकी.

कार्यपद्धती

अँड्रॉइड फोनमधील साठवण अनेक विभागांत वाटलेली असते. संचालन प्रणाली एका विभागात, तर वापरकर्त्याची अ‍ॅप, संदेश, छायाचित्रे व सेटिंग्ज दुसऱ्या विभागात असतात. फॅक्टरी रीसेटमध्ये हा दुसरा विभाग रिकामा करून नव्याने आखला जातो. प्रणालीच्या विभागास हात लावला जात नाही. म्हणूनच अँड्रॉइडची नवी आवृत्ती घेतलेला फोन रीसेट केल्यास तो खरेदीच्या वेळच्या जुन्या आवृत्तीवर परतत नाही. याच कारणामुळे प्रणालीच्या विभागातच बिघाड झाला असेल, तर केवळ रीसेटने तो दूर होत नाही. प्रणाली पुन्हा बसवावी लागते.

रीसेट करण्याचे तीन प्रमुख मार्ग आहेत.

१. सेटिंग्जमधून: फोन सुरू असताना 'सिस्टीम' व त्याखालील रीसेटच्या पर्यायांतून सर्व माहिती पुसता येते. पर्यायाचे नेमके नाव व स्थान उत्पादकागणिक बदलते. त्यापूर्वी फोन स्क्रीन लॉकचा पिन किंवा पासवर्ड विचारतो.

२. रिकव्हरी मोडमधून: फोन सुरूच होत नसल्यास, तो बंद असताना ठरावीक बटणे एकत्र दाबून 'रिकव्हरी' हा स्वतंत्र छोटा कार्यक्रम उघडता येतो. कोणती बटणे दाबायची हे प्रतिमानागणिक वेगळे असते. फोनची भाषा मराठी ठेवलेली असली तरी या कार्यक्रमाची यादी सहसा इंग्रजीतच दिसते.

३. दुरून: फोन हरवल्यास गूगलच्या किंवा अ‍ॅपलच्या फोन-शोध सेवेतून दुसऱ्या उपकरणावरून तो पुसण्याची आज्ञा देता येते. फोन इंटरनेटला जोडलेला नसेल, तर जोडणी मिळाल्यावर ती आज्ञा अमलात येते.

पुसलेल्या माहितीचे काय होते

साठवणीतून एखादी फाइल काढली म्हणजे तिचा मजकूर तत्क्षणी नाहीसा होतो असे नाही. वहीची अनुक्रमणिका फाडली तरी आतली पाने शिल्लक राहतात, तसाच हा प्रकार असतो. फोनमध्ये फ्लॅश स्मृती वापरतात आणि तिची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून नवा मजकूर सतत निरनिराळ्या जागी लिहिला जातो. त्यामुळे जुन्या मजकुरावर नेमके पुनर्लेखन करणे कठीण जाते.

या प्रश्नाचे गांभीर्य केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन व रॉस अँडरसन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. त्यांनी ५ उत्पादकांचे २१ वापरलेले अँड्रॉइड फोन तपासले. त्यांवर अँड्रॉइडच्या २.३ ते ४.३ या आवृत्त्या होत्या. रीसेट सदोष असलेल्या फोनांतून संदेश, छायाचित्रे व खात्यात प्रवेश देणारे संकेत परत मिळवता आले. माहितीचा विभाग नीट पुसला न जाणाऱ्या फोनांची संख्या ५० कोटींपर्यंत असू शकते, असा त्यांचा अंदाज होता. कूटबद्ध केलेल्या फोनांतही किल्लीची नोंद शिल्लक राहिल्यास साधा पिन शोधून काढता येतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

या अडचणीवरील उपाय म्हणजे माहिती आरंभापासूनच सांकेतिक रूपात साठवणे आणि रीसेटच्या वेळी ती उलगडणारी किल्ली नष्ट करणे. किल्ली गेली की साठवणीत उरलेला मजकूर निरर्थक ठरतो. अमेरिकेतील 'एनआयएसटी' या मानक संस्थेने माहिती पुसण्याविषयीच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत या पद्धतीचा समावेश केला आहे. आयफोनमध्ये २००९ च्या ३जीएस या प्रतिमानापासून हार्डवेअरच्या साहाय्याने कूटबद्धीकरण होते. अँड्रॉइडमध्ये ६.० या आवृत्तीपासून (२०१५) पुरेशी क्षमता असलेल्या नव्या फोनांना, तर अँड्रॉइड १० पासून (२०१९) सर्वच नव्या फोनांना ते बंधनकारक झाले. जुन्या फोनमध्ये कूटबद्धीकरणाचा पर्याय असल्यास रीसेटपूर्वी तो सुरू करणे आणि मोठा पासवर्ड ठेवणे उपयुक्त ठरते.

खाते-कुलूप

चोरलेला फोन रीसेट करून वापरता येऊ नये म्हणून दोन्ही प्रमुख प्रणालींनी कुलुपाची सोय केली. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर 'अ‍ॅक्टिव्हेशन लॉक', तर गूगलने २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर 'फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन' आणले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार १ जुलै २०१५ नंतर तयार होऊन तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये अशी सोय असणे आवश्यक झाले.

अँड्रॉइडमध्ये या कुलुपाची नोंद रीसेटमध्ये न पुसल्या जाणाऱ्या विभागात असते. रिकव्हरी मोडमधून रीसेट केलेला फोन नव्याने सुरू करताना पूर्वीच्या गूगल खात्याचा तपशील किंवा पूर्वीचा स्क्रीन लॉक मागतो. चोरास अडवणारी ही व्यवस्था पासवर्ड विसरलेल्या खऱ्या मालकासही अडवते. वापरलेला फोन घेणाऱ्यासही तिचा फटका बसतो. विक्रेत्याने खाते काढले नसेल तर विकत घेतलेला फोन निरुपयोगी ठरतो. म्हणून विक्रीपूर्वी सेटिंग्जमधून खाते काढणे व मगच रीसेट करणे इष्ट असते. खात्याचा पासवर्ड नुकताच बदललेला असल्यास २४ तास थांबून मग रीसेट करावे, अशी गूगलची सूचना आहे.

संगणकाचा ड्रायव्हर

संगणकाला जोडलेले उपकरण ओळखून त्याच्याशी देवाणघेवाण करू देणाऱ्या लहान कार्यक्रमास ड्रायव्हर म्हणतात. साध्या फॅक्टरी रीसेटसाठी संगणकाची वा ड्रायव्हरची गरज नसते. रीसेटपूर्वी छायाचित्रे व फायली संगणकावर उतरवताना, आणि बिघडलेल्या फोनमध्ये प्रणाली पुन्हा बसवताना मात्र तो लागतो.

यूएसबीने जोडलेला फोन संगणकाला दोन क्रमांक कळवतो. एक उत्पादकाचा असतो व दुसरा उपकरणाचा. विंडोज प्रणाली हे क्रमांक ड्रायव्हरसोबतच्या सूचना-फाइलीतील यादीशी ताडून पाहते. एकच फोन वेगवेगळ्या स्थितीत वेगळा क्रमांक कळवू शकतो. यामुळे फायली उतरवताना व्यवस्थित ओळखला गेलेला फोन प्रणाली बसवण्याच्या स्थितीत नेल्यावर संगणकाला अनोळखी वाटू शकतो.

फायलींसाठी: सध्याचे अँड्रॉइड फोन 'एमटीपी' या पद्धतीने फायली पाठवतात. विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर सहसा अंतर्भूत असतो. जोडलेला फोन आरंभी केवळ चार्ज होतो. फोनचे कुलूप उघडून सूचनापट्टीतून फायली पाठवण्याचा पर्याय निवडल्यावरच त्या संगणकावर दिसतात.

दुरुस्तीसाठी: 'एडीबी' व 'फास्टबूट' या साधनांतून संगणकावरून फोनला आज्ञा देता येतात. विंडोजवर गूगलच्या फोनांसाठी गूगलचा यूएसबी ड्रायव्हर, तर इतर फोनांसाठी त्या-त्या उत्पादकाचा ड्रायव्हर लागतो. मॅकओएसवर वेगळ्या ड्रायव्हरची गरज नसते. लिनक्सवर उपकरणास परवानगी देणारा नियम लिहावा लागू शकतो. एडीबीसाठी फोनमध्ये 'यूएसबी डीबगिंग' आधीच सुरू असावे लागते. तसेच अँड्रॉइड ४.२.२ पासून प्रत्येक नव्या संगणकाला फोनच्या पडद्यावर संमती द्यावी लागते. पडदा फुटल्यानंतर माहिती काढणे अनेकदा अशक्य होते, ते याचमुळे.

आयफोनसाठी: विंडोजवर अ‍ॅपलच्या सॉफ्टवेअरबरोबर ड्रायव्हर बसतो. मॅकओएसच्या २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून हे काम 'फाइंडर'मधून होते.

ड्रायव्हर न जुळल्यास विंडोजच्या 'डिव्हाइस मॅनेजर' यादीत उपकरणाच्या नावापुढे पिवळे उद्गारचिन्ह दिसते. अशा वेळी आधी केबल तपासणे सोयीचे असते, कारण काही केबलींत केवळ चार्जिंगच्या तारा असतात, माहिती वाहून नेणाऱ्या नसतात. त्यानंतर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील ड्रायव्हर उतरवून, त्या यादीतूनच 'अपडेट ड्रायव्हर' या पर्यायाने त्याचा फोल्डर दाखवून बसवता येतो. ६४-बिट विंडोज अंकीय स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर नाकारते. ही तपासणी बंद करण्यास सांगणाऱ्या किंवा खाते-कुलूप तोडून देण्याचा दावा करणाऱ्या अनधिकृत सॉफ्टवेअरमधून संगणकात घातक कार्यक्रम शिरण्याचा धोका असतो.

पूर्वतयारी

- संपर्क, छायाचित्रे, संदेश व दस्तऐवज यांचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहणे. व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणांचा बॅकअप त्या अ‍ॅपमधून स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.
- गूगल खात्याचा पासवर्ड माहीत असल्याची खात्री करणे. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीचे संकेत त्याच फोनवर येत असल्यास ते अन्यत्र मिळण्याची सोय करणे.
- मेमरी कार्ड काढून ठेवणे. मात्र अँड्रॉइड ६.० पासून कार्ड फोनच्या अंतर्गत साठवणीचा भाग म्हणून जोडता येते. तसे जोडलेले कार्ड कूटबद्ध असते व त्याची किल्ली फोनमध्येच असते. रीसेटनंतर त्यावरील माहिती वाचता येत नाही. अशा कार्डावरील फायली आधीच हलवणे आवश्यक असते.
- सिमकार्ड काढणे. ई-सिम असल्यास ते पुसायचे की ठेवायचे, हे ठरवणे.
- बॅटरी पुरेशी भारित करणे. प्रक्रियेस एक तासापर्यंत वेळ लागू शकत असल्याने गूगल किमान ७० टक्के भार सुचवते.

रीसेटनंतर बँकेच्या व यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये नव्याने नोंदणी करावी लागते. बँक खात्यातील रकमेवर याचा काही परिणाम होत नाही.

मर्यादा व भारतातील तरतुदी

बॅटरी, पडदा वा साठवणीतील बिघाड रीसेटने दूर होत नाही. मेघसाठवणीत, म्हणजे गूगल किंवा अ‍ॅपलच्या दूरस्थ संगणकांवर ठेवलेली माहितीही त्यामुळे पुसली जात नाही.

फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक रीसेटने बदलत नाही. *#०६# हा संकेत टाकून तो पाहता येतो. भारतात या क्रमांकात फेरफार करण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई करण्यात आली. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या २०२३ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर हरवलेल्या फोनचा आयएमईआय नोंदवून तो भारतातील जाळ्यांवर रोखता येतो. वापरलेला फोन घेण्यापूर्वी त्याचा आयएमईआय रोखलेल्या यादीत आहे का, हेही तेथे तपासता येते. रीसेट केल्यामुळे नवा भासणारा फोन चोरीचा नाही याची खातरजमा करण्याचा हा एक अधिकृत मार्ग आहे.

हे सुद्धा पहा

- अँड्रॉइड
- आयओएस
- कूटबद्धीकरण
- फ्लॅश स्मृती
- यूएसबी