पर्माकल्चर : वाळवंटातले घर आणि परस

पर्माकल्चर, वाळवंटी घर-परसातले : घर, अंगण, झाडे, पाणी आणि माणसांचे रोजचे व्यवहार यांची एकत्र आखणी करून अतिकोरड्या प्रदेशात बाहेरून आणाव्या लागणाऱ्या पाण्याचा, विजेचा आणि अन्नाचा भार कमी करण्याची पद्धत. तिची तत्त्वे सगळीकडे सारखीच, पण वाळवंटात कामांचा क्रम बदलतो. दमट प्रदेशात बागेची सुरुवात रोपापासून केली तरी चालते. वाळवंटात ती पावसाच्या वाहत्या पाण्यापासूनच करावी लागते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात हे काम गेली तीसेक वर्षे उघड्यावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चालले आहे आणि त्याची बारकाईने नोंदही झाली आहे. म्हणून ही नोंद मुख्यतः टूसॉनची आहे.

टूसॉन सोनोरन वाळवंटात वसले आहे. वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सोलापूरच्या साधारण निम्मा. तोही दोन वेळा विभागून येतो : जुलै ते सप्टेंबर गडगडाटी वळिवासारख्या सरी आणि हिवाळ्यात संथ रिपरिप. जूनमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. २६ जून १९९० रोजी तो ४७.२ अंश सेल्सिअसवर गेला होता. पाऊस कमी आहे हे खरेच, पण पडलेला पाऊस थांबत नाही हे अधिक खरे. उन्हाळी सर आली की छपरे आणि डांबरी रस्ते पाणी झटकून टाकतात, गल्ल्यांना ओढ्याचे रूप येते आणि थोड्याच वेळात सगळे कोरडे होते.

शहराच्या कडेने वाहणारी सांता क्रूझ नदी एकेकाळी काही टप्प्यांत बारमाही होती. विहिरींच्या बेसुमार उपशाने ती आटली. १९९२ पासून टूसॉनला कोलोरॅडो नदीचे पाणी मिळू लागले. त्यासाठी सुमारे ५४० किलोमीटर लांबीचा कालवा खोदला गेला आणि वाटेत पाणी पंपांनी ८८० मीटरहून जास्त उचलावे लागते. राज्यातल्या विजेच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांत या कालव्याची गणना होते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने कोलोरॅडोवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर केली आणि ॲरिझोनाच्या वाट्याला मोठी कपात आली. घराच्या छपरावर पडलेले पाणी गटारात सोडायचे आणि दुसरे पाणी डोंगर चढवून आणून त्याच घराच्या झाडांना घालायचे, ही रचना वाळवंटाने लादलेली नाही, माणसांनी केली आहे. पर्माकल्चरचे काम नेमके या ठिकाणी सुरू होते.

या विचाराची मांडणी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी केली. त्यांचे ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक १९७८ साली निघाले. घर हे शून्य क्षेत्र धरायचे, रोज हात लागणाऱ्या गोष्टी त्याच्या जवळ ठेवायच्या, क्वचित लक्ष द्यावे लागणाऱ्या गोष्टी लांब न्यायच्या, आणि प्रत्येक घटकाकडून एकापेक्षा जास्त कामे करून घ्यायची, ही त्यांची चौकट आज सर्वपरिचित आहे. वाळवंटापुरते मात्र खरे गुरुजन त्यांच्या कितीतरी आधीचे. टूसॉनच्या परिसरातले टोहोनो ओ'ओडम लोक कोरड्या ओढ्यांच्या मुखाशी, जिथे पुराचे पाणी पसरते, तिथे पेरणी करत. टेपरी नावाची त्यांची घेवड्याच्या जातीची कडधान्ये अशा थोड्या ओलीवर, कडक उन्हात तग धरून पिकतात. न्यू मेक्सिकोतले झुनी लोक मातीचे लहान चौकोनी वाफे जमिनीच्या पातळीखाली ठेवून भोवती बांध घालत. वाफा उंच न करता खोल करायचा हा वाळवंटी शेतीचा पहिला धडा आहे. दमट देशांच्या पुस्तकांतून उचललेले उंच वाफे इथे दोन दिवसांत वाळून जातात.

तिसरे नाव झिंबाब्वेतले. झ्विशावानेजवळ झेफनाया फिरी मासेको हे शेतकरी खडकाळ उतारावर तीनेक हेक्टर जमीन कसत. राजकीय कामामुळे १९६४ साली त्यांची रेल्वेतली नोकरी गेली आणि कुटुंब पोसायला ती जमीनच उरली. पाणी कुठे धावते, कुठे थबकते, माती कुठे ओली राहते, हे ते पावसात उभे राहून पाहत. मग माथ्यापासून खाली येत त्यांनी दगडी ताली रचल्या, खड्डे घेतले, चर खणले. माथ्याकडच्या मोठ्या हौदाला ते पाण्याचे ‘आगमन केंद्र’ म्हणत : इथे पाण्याचे स्वागत करायचे आणि जमिनीत त्याला कुठे राहायचे ते दाखवून द्यायचे. झाडाआधी पाणी लावा, हा त्यांच्या कामाचा गाभा. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल. फिरी २०१५ साली वारले.

१९९५ मध्ये टूसॉनचा ब्रॅड लँकेस्टर हा तरुण त्यांना भेटला. आपल्या शहरातले पाणी संपत चालले आहे आणि ते शहर सोडून जावे असे त्याच्या मनात होते. फिरींनी त्याला घरी परतून तिथेच मूळ धरायला सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रॅड आणि त्याचा भाऊ रॉड यांनी डनबार-स्प्रिंग या जुन्या वस्तीत एक अष्टमांश एकर, म्हणजे बरोबर पाच गुंठ्यांची जागा घेतली होती. भोवती उघडी, तापलेली, झाडांवाचूनची गल्ली होती.

आज ती जागा वर्षाला सुमारे १ लाख गॅलन, म्हणजे पावणेचार लाख लिटरांच्या वर पावसाचे पाणी मुरवते आणि साठवते. हा आकडा पहिल्यांदा अशक्य वाटतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्या हिशेबाने पाच गुंठ्यांवर, साधारण ५०० चौरस मीटरवर, वर्षात १ लाख ४० हजार लिटर पडायला हवे. उरलेले पाणी येते समोरच्या रस्त्यावरून. लँकेस्टरने पदपथाच्या कडेचा काँक्रीटचा कठडा कापून रस्त्यावरून वाहणारे पाणी झाडांच्या खोलगट आळ्यांत वळवले. सुरुवातीला हे बेकायदा होते. त्याने शहराच्या अभियंत्यांना ती आळी दाखवली, पाठपुरावा केला, आणि २००७ साली शहराने कठडे कापण्याची रीतसर पद्धत ठरवून दिली. पर्माकल्चरच्या बहुतेक वर्णनांत परसाची हद्द कुंपणाशी संपते. टूसॉनचे मोल हे की इथे परस रस्त्यापर्यंत पोहोचले.

मातीचे काम टाक्यांच्या आधी येते. टाकी महाग असते, भरली की ओसंडते आणि वर्षातले बरेच महिने रिकामी असते. जमीन त्याहून कितीतरी जास्त पाणी फुकट धरते. म्हणून आधी उताराचा माथा शोधायचा, बहुधा तो घराच्या छपरावरच असतो, आणि पन्हाळीचे पाणी जिथे पडते तिथून एकामागून एक उथळ खळगे घ्यायचे. प्रत्येक खळग्याला दगडांचा सांडवा हवाच; सांडव्यातून निघालेले पाणी पुढच्या खळग्यात जावे. घराच्या पायापासून सुमारे तीन मीटर अंतर सोडतात. पाणी साचून राहिले तर डास होतात, म्हणून ते काही तासांत, फार तर दिवसभरात जिरले पाहिजे. टूसॉनच्या मातीत बरेचदा चुनखडीचा दगडासारखा थर लागतो. तो पहारीने फोडावा लागतो किंवा खळगे उथळ आणि पसरट करावे लागतात. खोदण्यापूर्वी एक खड्डा पाण्याने भरून ते किती वेळात मुरते हे पाहण्याचा सल्ला त्यासाठीच दिला जातो. खळग्यात लाकडाचा भुसा, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्यांचे तुकडे यांचे जाड आच्छादन घालतात. आच्छादनाखाली वाफसा टिकतो, वाळवी आणि बुरशी कामाला लागतात, माती मऊ होते आणि पुढच्या वर्षी तोच खळगा पाणी अधिक लवकर पितो. अंगणभर खडी अंथरून वर एखादे निवडुंग लावण्याची जी ‘कमी पाण्याची’ फॅशन या भागात रुळली, तिने पाणी वाचते, पण जमीन तापते आणि निर्जीव राहते. तिला शाश्वत म्हणणे चूक आहे.

उन्हाचेही असेच नियोजन करतात. टूसॉन ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. घराला खरा तडाखा बसतो तो सकाळी पूर्वेकडून आणि संध्याकाळी पश्चिमेकडून. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली झुकतो. म्हणून झाडे पूर्वेला, पश्चिमेला आणि उत्तरेला लावतात, दक्षिण मोकळी ठेवतात आणि त्या बाजूच्या खिडक्यांवर बेताचे छज्जे काढतात. असे घर हिवाळ्यात उन्हाने ऊब धरते आणि उन्हाळ्यात भिंती सावलीत राहतात. ही सावली धरणारी झाडे छपराच्या पाण्यावर वाढलेली असतात. पाणी आणि वीज यांची बचत अशी एकाच झाडापाशी येऊन मिळते.

अंघोळीचे, हात धुण्याच्या बेसिनचे आणि कपडे धुण्याचे पाणी हा तिसरा स्रोत. पाऊस नसतानाही तो रोज चालू असतो, म्हणून जास्त तहानेची फळझाडे, लिंबू-संत्री, अंजीर, डाळिंब, त्याच्या वाटेवर लावतात. ॲरिझोनाने २००१ साली नियम सोपे केले : दिवसाला ४०० गॅलन, म्हणजे दीड हजार लिटरपर्यंतचे असे पाणी काही अटी पाळून वेगळ्या परवान्याशिवाय बागेत सोडता येते. स्वयंपाकघराच्या मोरीचे आणि संडासाचे पाणी यात धरत नाहीत. हे पाणी साठवून ठेवायचे नसते, कारण चोवीस तासांत ते कुजू लागते. थेट आच्छादनाखाली सोडायचे. साबण निवडताना सोडियम आणि बोरॉन टाळावे लागतात, नाहीतर क्षार साठून मातीच मरते. पावसाचे पाणी क्षारमुक्त असल्याने ते अधूनमधून त्याच आळ्यांत सोडून माती धुऊन काढणे चांगले. वातानुकूलन यंत्रातून पावसाळी हवेत ठिबकणारे पाणीही काही घरांत नळीने कुंड्यांकडे नेतात.

झाडांत पहिला मान मेस्कीटचा. ही शेंगांची, काटेरी, हवेतला नत्र मुळांवाटे जमिनीत आणणारी झाडे आपल्याकडच्या शमीची नातेवाईक आहेत. त्यांच्या विरळ सावलीत चिल्टेपिन ही रानटी बारीक मिरची वाढते आणि सवारो निवडुंगाची कोवळी रोपे वर्षानुवर्षे आसरा घेतात. गोड शेंगांचे पीठ हे वाळवंटाचे जुने अन्न. डनबार-स्प्रिंगमध्ये १९९६ पासून शेजाऱ्यांनी मिळून चौदाशेहून जास्त देशी झाडे लावली. लँकेस्टर आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘डेझर्ट हार्वेस्टर्स’ या गटाने फिरती गिरणी आणून लोकांना आपापल्या शेंगा दळून द्यायला सुरुवात केली. पावसानंतर शेंगांवर घातक बुरशी येऊ शकते, म्हणून त्या जूनमध्ये, पहिल्या सरीआधी, झाडावरूनच तोडाव्यात असा आग्रह हा गट धरतो. या रानमेव्याच्या आणि हजारो वर्षांच्या शेतीच्या वारशामुळे २०१५ साली टूसॉन युनेस्कोचे अमेरिकेतले पहिले ‘पाककलेचे शहर’ ठरले.

देशी झाडांचा हट्ट का, याचे उत्तर दोन उलट प्रवासांत सापडते. मेस्कीटची जवळची बहीण भारतात आणून सोडली गेली. तीच महाराष्ट्रातल्या गायरानांवर, तलावकाठांवर माजलेली वेडी बाभूळ. आणि भारतातल्या कोरड्या कुरणांत चाऱ्यासाठी नावाजलेले अंजन गवत सोनोरन वाळवंटात संकट ठरले आहे. जनावरांना चारा म्हणून हे गवत तिथे नेले गेले. ते दोन झुडपांमधली मोकळी जागा भरून काढते, वाळते आणि पेट घेते. सवारोला वणव्याची सवयच नाही. दीडशे वर्षे जगणारी निवडुंगे एका आगीत जातात. टूसॉनचे स्वयंसेवक डोंगरउतारांवर हे गवत मुळासकट उपटत फिरतात.

इतर वाळवंटांतही असे प्रयोग झाले आहेत. जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ, समुद्रसपाटीखाली सुमारे ४०० मीटरवर, जेफ लॉटन यांनी क्षारपड जमिनीत समपातळी चर खणून आणि शेजारच्या शेतांतला काडीकचरा जाड अंथरून अंजिरे उभी केली. आपल्या थरमध्ये तर टांका आणि खडीन यांची परंपरा शेकडो वर्षांची आहे : चुन्याने लिंपलेल्या जमिनीखालच्या टाकीत अंगणाच्या उताराचे पिण्याचे पाणी, आणि बांधाआड मुरवलेल्या पुराच्या ओलीवर रब्बीचे पीक.

टूसॉनने हे काम कायद्यातही आणले. २००८ साली शहराने असा नियम केला की नव्या व्यापारी इमारतींनी बागेला लागणारे निम्मे पाणी पावसातून मिळवावे. अमेरिकेतला असा हा पहिला नियम १ जून २०१० पासून लागू झाला. त्याच तारखेपासून नव्या घरांत न्हाणीचे पाणी वेगळे काढता येईल अशी नळजोडणी ठेवणे बंधनकारक झाले. घराघरांतल्या पाणीसंकलनासाठी २,००० डॉलरपर्यंत परतावा मिळू लागला. त्यातली अडचण उघड होती : आधी खिशातून खर्च करायचा आणि मग पैसे परत मिळायचे, त्यामुळे सुरुवातीचा लाभ ऐपत असलेल्या घरांनाच झाला. नंतर अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी कर्जाची आणि अनुदानाची सोय करावी लागली. देखभालीचा प्रश्नही खराच आहे. रस्त्याचे पाणी गाळ आणि तेलकट घाण घेऊन येते. त्या आळ्यांत कंदमुळे लावत नाहीत, गाळ दरवर्षी काढावा लागतो, आच्छादन पुन्हा घालावे लागते, आणि हे कोणी करायचे हे ठरले नसेल तर तीन-चार पावसाळ्यांत खळगे बुजतात. २०२० पासून शहराने पाणीपट्टीत एक छोटा आकार जोडला, सामान्य घराला महिन्याला सुमारे एक डॉलर. त्या निधीतून सार्वजनिक जागांतली नवी आळी खोदली जातात आणि जुनी साफ केली जातात.